बिनधातूची रिॲक्शन

प्रयोगशाळेत तिला सगळे तोळा म्हणायचे. नाव ठेवलं तिच्या नवऱ्यानंच. तेव्हा तो नवरा नव्हता, दोन टेबलं पलीकडे उभा राहणारा सीनियर होता. ही बाई काट्यावर ठेवल्याशिवाय कशालाच हात लावायची नाही. चिमूटभर पावडर असली तरी एकदा मोजायची, वहीत लिहायची आणि खात्रीसाठी पुन्हा मोजायची. तो म्हणाला, हिला सोन्याची लगड दिली तरी ही आनंद व्हायच्या आधी तोळामासा बघेल. झालं, नाव चिकटलं. त्यालाही एक नाव होतं, आबा. वय एकतीस, पण चालणं-बोलणं पेन्शनीत निघालेल्या माणसाचं. टेबलावर ॲसिड सांडून सगळी पळापळ झाली तरी हा आधी चष्मा नीट करणार आणि मग म्हणणार, "बघू या." अशा माणसाशी भांडताच येत नाही, आणि लग्नाआधी तोळाला तेच फार आवडायचं.

दोघं एकाच सरांकडे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. आबाचं सहावं वर्ष, तिचं तिसरं. राहायला दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, आणि सोबत आबाची आई. आई जिभेनं तिखट आणि मनानं लोण्यासारखी. शेजारणींना सांगायची, "लोकांच्या घरात एक डॉक्टर असला तर केवढी मिजास. माझ्याकडे दोन-दोन होणार आहेत, आणि सर्दी झाली की गोळी आणायला मलाच तीन जिने उतरावे लागतात." बोलायची अशी, पण आबाचा छापून आलेला पेपर तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, मुलाचं नाव सोडून.

त्या पेपरात होतं काय, ते सांगतो, घाबरू नका. दोन रेणू एकमेकांना जोडायचे म्हणजे मध्ये एक मध्यस्थ लागतो, पॅलेडियम नावाचा धातू. महागडा, आणि औषधात त्याचा अंशही राहिलेला चालत नाही. लग्न लावून देणारा माणूस लग्नानंतरही घरातच मुक्काम ठोकून बसावा, तसा प्रकार. आबानं हे रेणू धातूशिवाय जोडून दाखवले होते. दोन तास ढवळत ठेवलं की पाण्यासारखं द्रावण हळूहळू कोऱ्या चहाच्या रंगाचं व्हायचं, म्हणजे काम झालं. सरांनी पहिल्यांदा तो रंग बघितला तेव्हा ते स्टुलावर बसून राहिले होते. हीच बिनधातूची रिॲक्शन म्हणजे आबाचा प्रबंध, हीच सहा वर्षं. प्रबंध सादर झाला होता. तोंडी परीक्षेची तारीख पडली होती, तेवीस. ती झाली की एका कॉलेजात शिकवायची जागा त्याची वाट बघत होती. मात्र सत्र सुरू व्हायच्या आत पदवी हातात हवी, अशी कॉलेजची अट होती.

आता तोळाकडे वळू. त्यांच्या विद्यापीठात डॉक्टरेटच्या मुलांना तिसऱ्या वर्षी आठ महिने बाहेर पाठवत, एखाद्या कंपनीत चक्क नोकरी करायला. याला कामाचं सत्र म्हणायचे. कंपनीचं ओळखपत्र, कंपनीची शिस्त, आणि शेवटी कंपनीनं बरा शेरा दिला तरच पुढे प्रबंध लिहायची परवानगी. आबानं आपलं सत्र रंगाच्या कारखान्यात काढलं होतं आणि आठ महिने त्याच्या नखांतला निळा रंग गेला नव्हता. तोळाला औषधाची कंपनी मिळाली. आणि कंपनीनं मागून घेतलं होतं ते नेमकं आबाचंच काम. पेपर वाचून त्यांना ही रिॲक्शन मोठ्या प्रमाणावर करून बघायची होती. सर म्हणाले, याहून चांगलं काय असणार, घरचंच माणूस जातंय.

पहिल्या दिवशी तिथे तिच्याकडून अकरा पानांवर सह्या घेतल्या. आत जे दिसेल, जे हाती लागेल, ते कंपनीचं. कंपनीनं लेखी परवानगी दिल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही, विद्यापीठात नाही आणि घरातही नाही. संध्याकाळी तिनं हे घरी सांगितलं तेव्हा तिघंही हसले. आईनं विचारलं, मग दुपारी डब्यातलं संपलं की नाही, तेवढं तरी सांगता येईल का. ते येईल, तोळा म्हणाली.

आणि रिॲक्शन काही होईना.

पहिल्यांदा झाली नाही तेव्हा तिला वाटलं, नवीन जागा आहे, होतं असं. दुसऱ्यांदा तिनं सगळं नव्यानं मोजलं. तिसऱ्यांदा द्रव बदलला, चौथ्यांदा तापमान तपासलं. तीन आठवड्यांत नऊ वेळा केली आणि नऊही वेळा द्रावण सकाळी जसं ठेवलं तसं स्वच्छ, नितळ, पाण्यासारखं. विद्यापीठात हीच रिॲक्शन तिनं स्वतःच्या हातानं कमीत कमी चाळीस वेळा केली असेल. घरी आबा विचारायचा, कसं चाललंय, आणि ती म्हणायची, गुपित आहे. तो हसायचा. त्याला वाटायचं, चांगलंच चाललं असणार.

कंपनीत काचसामान धुणाऱ्या एक मावशी होत्या. दहाव्या वेळची तयारी चालली असताना त्या तोळाच्या शेजारी उभ्या राहून वापरलेली मॅग्नेट कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. मॅग्नेट म्हणजे भांड्यात टाकायची पांढरी कांडी, औषधाच्या कॅप्सूलएवढी. ती खालच्या मशीनवर गरगर फिरते आणि द्रावण ढवळलं जातं. तोळाला वाईट वाटलं. ती म्हणाली, मावशी, चांगली मॅग्नेट टाकताय होय, आमच्याकडे धुऊन वर्षानुवर्षं वापरतात. मावशी म्हणाल्या, इथे एकदाच. काय काय चिकटून बसतं त्यांना, धुतलं तरी जात नाही.

त्या बिचाऱ्या बोलून पुढच्या टेबलाकडे गेल्या. तोळा मात्र जागच्या जागी उभी राहिली.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मॅग्नेट सगळ्यांची मिळून एका बरणीत असायची. कुणी पॅलेडियमची रिॲक्शन करायचा, मॅग्नेट धुऊन बरणीत टाकायचा, दुसरा उचलायचा. वापरून वापरून ती करडी पडलेली, अंगावर बारीक ओरखडे आलेली. त्यातलंच एक तोळाच्या पेन्सिलींच्या डब्यात येऊन पडलं होतं, कधी पडलं देव जाणे. तिनं ते काढलं, विद्यापीठात धुवायचे तसंच धुतलं, भांड्यात टाकलं आणि घड्याळ लावलं.

दोन तासांनी द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी तिला आनंदच झाला. नऊ वेळा तोंडावर आपटलेल्या माणसाला दहाव्या वेळी व्हायचाच. आनंद असा मोजून दोन मिनिटं टिकला. मग तिनं तेच मॅग्नेट तीव्र ॲसिडमध्ये उकळून काढलं आणि पुन्हा लावलं. काहीच नाही, पाणी ते पाणीच. उकळण्याआधी ओरखड्यांमधून खरवडून ठेवलेला काळा कण तिनं तपासायला पाठवला. उत्तर आलं, पॅलेडियम. कुठल्याही काट्यावर उतरणार नाही इतकं थोडं, पण पुरेसं. म्हणजे सहा वर्षं मध्यस्थ भांड्यातच लपून बसला होता, आणि आबा जगाला सांगत होता की हे लग्न मध्यस्थाशिवाय जमलं. लबाडी नव्हती हो. सगळ्या प्रयोगशाळेची सवय होती ती, आणि सवयीला कुणी काट्यावर ठेवत नाही. मोजण्यासाठी जिचं नाव पडलं, तिनंही कधी ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी कंपनीच्या नियमाप्रमाणे तिनं वहीचं पान पूर्ण केलं, खाली सही केली, तारीख घातली, अकरा, आणि साक्षीदार म्हणून शेजारच्या केमिस्टची सही घेतली. आबाची परीक्षा बारा दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं की विद्यापीठाला हे कळवावंच लागेल, पण कायदा विभागाच्या हातून आणि रीतसर. त्याला दोन आठवडे तरी लागतील. तोळा म्हणाली, तेवीसला माझ्या नवऱ्याची परीक्षा आहे. बाईंनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, मी घाई करून बघते, पण त्याआधी तुम्ही घरी बोललात तर तुमचं सत्र रद्द होईल, आणि सत्र गेलं की तुमची पदवीही गेली, मला त्यात काही करता येणार नाही.

इकडे आड तिकडे विहीर. आता कुणीही म्हणेल, नवराच ना, कानात सांगून मोकळं व्हायचं, कोण बघायला येतंय. लांबून बोलायला काय जातं. आबाला कळलं असतं तर तो गप्प बसणारा माणूस नव्हता. तो त्याच दिवशी सरांकडे गेला असता आणि तासाभरात कळलं असतं की बातमी कुठून आली. तोळाची तीन वर्षं पाण्यात. हे तिनं मोजलं, आणि मोजलं याची तिला नंतर जन्मभर लाज वाटली. शिवाय सही म्हणजे तिला खरोखरच सही वाटायची. आणि याहून आत, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती. तिला वाटत होतं, तेवीस तारीख होऊन जाऊ दे. त्याला एक दिवस तरी मिळू दे, मग जे व्हायचं ते होऊ दे. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्या प्रेमानंच तिचा घात केला.

मग ती मूग गिळून बसली. नुसती बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण घरात आनंद होता, आणि आनंदी घरात एकटं गप्प राहणं फार उठून दिसतं. म्हणून ती हसायला लागली. चेष्टा करायला लागली. बाईंना रोज विचारत होती, परवानगी आली का, आणि रोज नाही ऐकून घरी येऊन आईच्या टोमण्यांना टोमणे परत करत होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आबानं भिंतीला पाठ लावून सगळं भाषण म्हणून दाखवलं. परीक्षक आई. तिनं खुर्चीत ताठ बसून, मुलाचाच चष्मा नाकावर चढवून विचारलं, "धातू नाही म्हणता, ते खात्रीनं ना?" आबा हसत म्हणाला, "दोनशे वेळा करून पाहिलंय, मॅडम." मग त्यानं तोळाकडे बघितलं. तोळा म्हणाली, "छान झालं." आणि ताटं घ्यायला उठली.

परीक्षा उत्तम झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उभं राहून हात मिळवला. घरी आईनं शेजारच्या चार घरांत गोड वाटलं आणि पाचव्या घराशी भांडण होतं ते विसरून तिथेही दिलं.

पत्र सत्तावीसला आलं. परवानगीची चिठ्ठीही त्याच दिवशी तोळाच्या टेबलावर पडली, तिची आता गरज कुणाला होती. सरांनी दोघांना बोलावलं. कंपनीनं वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या होत्या, सही, साक्षीदार, तारीख, सगळं नियमानुसार. सरांनी ती पानं टेबलावर पसरून ठेवली. ते म्हणाले, बरणी माझ्या प्रयोगशाळेतली आहे, तेव्हा चूक आधी माझी. पण पेपर मागे घ्यावा लागेल, परीक्षेचा निकाल रद्द होईल, आणि नवीन विषय म्हणजे अजून किमान तीन वर्षं. कॉलेजच्या जागेचं कुणी नावच काढलं नाही. आबानं चष्मा नीट केला आणि म्हणाला, "बघू या."

तो प्रयोगशाळेत गेला. कोरं मॅग्नेट घेतलं, सील फोडलं आणि रिॲक्शन लावली. दोन तास समोर स्टूल घेऊन बसला. पाणी ते पाणीच. त्यानं दुसऱ्यांदा लावली, मग तिसऱ्यांदा. संध्याकाळी मशीन बंद करून त्यानं पेपर मागे घेत असल्याचं पत्र स्वतः लिहिलं, कुणी सांगायची वाट न बघता. कुणाला दोष नाही, सबब नाही. चार ओळींचं पत्र होतं.

घरी आल्यावर त्यानं वहीच्या पानाची प्रत टेबलावर ठेवली. आई आतल्या खोलीत होती.

"अकरा तारीख," तो म्हणाला.

"हो."

"किती वेळा करून पाहिलंस?"

"नव्यावर नऊ. जुन्यावर एक. तेच उकळून परत एक. मग नव्यावर पुन्हा एक, साक्षीदारासमोर."

"मग बरोबर आहे." त्यानं प्रतीची घडी घातली. "मी सहा वर्षांत एकदा नवं मॅग्नेट घेतलं असतं तर संपलं होतं. ते माझं आहे, तुझ्यावर ढकलत नाही. सही तू मोडली नाहीस, मीही मोडली नसती कदाचित. पण मला घरी येऊन जेवण गेलं नसतं, तोळा. तू विचारलं असतंस, काय झालं. मी म्हटलं असतं, सांगता येत नाही. तेवढ्यावरून तुला कळलं असतं की काहीतरी मोडलंय. तू बारा दिवस हसत होतीस. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही."

ती म्हणाली, मला वाटलं तुला एक दिवस तरी मिळावा.

"मिळाला," तो म्हणाला. "आता तो आठवला की तू आठवतेस."

यावर भांडण झालं असतं तर किती बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो. आबा भांडला नाही. तो तिच्याशी नीट बोलायचा, पाणी भरायचा, तिच्यासाठी दिवा चालू ठेवायचा. फक्त ती हसली की तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा, वाचता न येणाऱ्या भाषेतल्या पाटीकडे बघावं तसा. मग तिनं हसणं सोडलं. मग तो तिच्या न हसण्याकडेही तसाच बघायला लागला. तिला रडू यायचं ते कंपनीच्या बाथरूममध्ये, नळ सोडून.

कंपनीनं तिला उत्तम शेरा दिला. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यातूनच निघालं, मॅग्नेटवर चिकटलेल्या धातूमुळे काय काय फसगत होते ते. पुढे तिला पदवी मिळाली तेव्हा परीक्षक म्हणाले, चौथं प्रकरण सगळ्यांत मोलाचं आहे, जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचावं असं. तिनं मान खाली घालून आभार मानले.

पण ते पुढचं. त्याआधी, तिचं सत्र संपलं त्याच महिन्यात, आबाला दुसऱ्या गावी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. त्यासाठी डॉक्टरेट लागत नव्हती. जातो, म्हणाला. ये, म्हणाला नाही आणि येऊ नकोस, असंही म्हणाला नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही. आई मुलाबरोबर निघाली. तिच्याशिवाय तो वेळेवर जेवला नसता.

निघायच्या सकाळी आबा खाली गाडीत सामान लावत होता. वर दोन खोल्यांत दोघीच. गेले सहा-सात महिने आईनं तोळाला एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि तोळाला तेच जास्त लागत होतं. आज तरी बोलून टाका, असं तिला म्हणायचं होतं. आईनं कपाट एकदा उघडून बघितलं, काही राहिलं नाही ना म्हणून. प्लास्टिकची पिशवी तिथेच होती. ती तिनं घेतली नाही. कपाट लावलं आणि खाटेच्या कडेला बसली.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तू सही केली होतीस, ती पाळलीस. त्याला नाही सांगता आलं तुला. ते मी धरून बसले नाही. पण मला सांगायचं होतंस गं. मी कुठे कुणाच्या कागदावर सही केली होती?"

तोळा म्हणाली, "तुम्हाला सांगून काय झालं असतं, आई?"

"काय व्हायचंय. छातीत दुखतंय म्हणून आडवी झाले असते. दवाखान्यात चार दिवस पडून राहिले असते, कण्हत. तो मला टाकून परीक्षेला गेला असता होय? पुढे ढकलली असती त्यानं. तोवर आलंच असतं की तुझं ते पत्र." आईनं पदरानं तोंड पुसलं. "मी इतकं झकास सोंग केलं असतं, त्याला मरेपर्यंत कळलं नसतं."

तोळाला ते सगळं डोळ्यांपुढे दिसलं. आई खाटेवर, आबा उशाशी, तारीख पुढे गेलेली, घरात हसून दाखवायचं काही कारण नाही, आणि तो अजून आपला. बारा दिवस तिनं काय काय मोजलं होतं, आणि याच घरात राहणाऱ्या या बाईचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

खालून आबानं हाक मारली, आईला. आई गुडघ्यावर हात टेकून उठली. तोळा बॅग उचलायला पुढे झाली, तर आई म्हणाली, राहू दे, हलकी आहे. आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत ती खाली गेली.